कळरी की कराटे

२८ सप्टेंबर

निवेद आज पुन्हा पडला. दगड नव्हता, पायरी नव्हती, कुणी ढकललंही नव्हतं. शाळेच्या अंगणात, सपाट जमिनीवर! वर्गातली मुलं त्याला 'गळलेला नारळ' म्हणतात म्हणे. तो स्वतःच हसत सांगत होता — अम्मा, मी पडलो की सगळे टाळ्या वाजवतात. सात वर्षांचं पोर, त्याला वाटतं कौतुकच आहे. मी गुडघ्याला हळद लावली. राग इतका आला होता, पण कुणावर काढायचा तेच कळेना.

सुधीशेट्टन, निवेदचे वडील, संध्याकाळी बसची फेरी संपवून आले. शर्टही न काढता निकाल देऊन टाकला. म्हणे, पोराला व्यायाम नाही, म्हणून पडतो. विजयादशमी जवळ आलीय, त्या दिवशी काहीतरी सुरू करून टाकू. कळरीच्या आखाड्यात घालू. कडत्तनाडचं पोर, त्याला काठी धरता येऊ नये?

मी नुसतं आतल्या खोलीकडे बोट केलं. आत माझी अम्मा तांदूळ निवडत होती. ह्या घरात तिच्यासमोर कळरी हा शब्द काढायचा नाही, हे जावयालाही माहीत आहे. नऊ वर्षं झाली लग्नाला.

१ ऑक्टोबर

शिवणाचं काम पडलंय ढीगभर, पण डोक्यात एकच. विनुएट्टन.

माझा थोरला भाऊ. मला तो चालताना आठवतच नाही. मला आठवतो तो पडवीत बसलेला, मांडीवर शाल, हाताशी कॅरमची सोंगटी. मी तेरा वर्षांची होते तेव्हा गेला, तो सतरा वर्षांचा होता. बाकीचं सगळं सांगितलेलं आठवतं. सातव्या वर्षी त्याला नदीपलीकडच्या कणारन गुरुक्कळांच्या कळरीत घातलं. काठी खेळताना गुरुक्कळांच्या काठीचं टोक त्याच्या कमरेवरच्या मर्मावर लागलं. तो तिथेच बसला, हात दिल्याशिवाय उठला नाही. तेव्हापासून पाय गेले ते गेलेच. आमचे वडील, अच्छन, गावातली माणसं घेऊन तिथे गेले होते. महिन्याभरात एकेक पोर घरी परत नेलं गेलं. कळरीत दिवा लावायला कुणी उरलं नाही.

आजही अम्मा नदीच्या पुलावरून जाताना उजवीकडे बघत नाही. त्या बाजूला गुरुक्कळांचं घर आहे.

४ ऑक्टोबर

अम्माला न सांगता गेलो. वडकऱ्याच्या पलीकडे नवीन कळरी आहे. गुरुक्कळ तरुण, अंगाला तेल, बोलायला गोड. जमिनीत खणलेली खोल जागा, आत लाल माती, कोपऱ्यात दिवा. निवेदला सांगितलं, उजवा पाय आधी टाक, माती कपाळाला लाव. त्याने लावली. डोळे एवढाले झाले होते त्याचे! वाकून हत्तीसारखं बसायचं असतं, तेही बसला. बसल्यावर उठता येईना. गुरुक्कळ म्हणाले, होईल सवय.

परत वर यायच्या पायऱ्या मातीच्याच. चारी हातापायांनी चढला. सुधीशेट्टन हसून म्हणाले, वाघाचा बच्चा आहे. मीही हसले.

घरी आलो. अम्माने पाण्याचा तांब्या आणला. पोराचे पाय धुवायला घेतले आणि नखातली लाल माती तिला दिसली. मी अंग चोरून उभी, आता घर डोक्यावर घेणार! ओरडलीच नाही. पाय पुसता पुसता शांतपणे म्हणाली, "कळरी नको. कराटेत घाल."

"तू सांगतेस?" मी म्हणाले. जिने आजवर पोराला झाडावर चढू दिलं नाही!

"घाल. पण दसऱ्याच्या आत घाल. उशीर करू नकोस."

मला बरं वाटलं. वाटलं, म्हातारपणी का होईना, मन मोठं झालं.

७ ऑक्टोबर

शाळेतल्या तायक्वांदोवाल्यांनी परत पाठवलं. पोरगा एका पायावर उभा राहत नाही म्हणे. अहो, म्हणूनच तर आणलाय ना तुमच्याकडे!

११ ऑक्टोबर

कराटे ठरलं. गावच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर क्लास असतो. शिबिन मास्तर, वय पंचवीस असेल. सकाळी रबराच्या मळ्यात काम, संध्याकाळी क्लास. एकट्या आईचा एकुलता मुलगा. निवेदने थेट विचारलं, मला उडी मारून लाथ मारता येईल का? मास्तर म्हणाला, आधी नीट पडायला शिकवतो. निवेद म्हणाला, ते येतं मला!

दोघंही खूप हसले. माझा पोरगा किती दिवसांनी कुणाबरोबर तरी असा हसला. मी तिथेच ठरवून टाकलं.

२३ ऑक्टोबर

विजयादशमी. सकाळी धाकट्या मालूने देवळात तांदळात बोटाने पहिलं अक्षर गिरवलं. चार वर्षांची बया, पुजाऱ्याचा हात झटकून स्वतःचं स्वतः गिरवलं. मग निवेदला पांढरा पोशाख घातला. पँट मीच कापून शिवली होती. विड्याच्या पानावर दक्षिणा ठेवून तो मास्तरच्या पाया पडला.

नवल म्हणजे अम्मा आली! देवळाच्या पुढे कधी पाऊल न टाकणारी अम्मा काठी टेकत वाचनालयापर्यंत आली. जिना चढणार नाही म्हणाली, खाली अंगणातच उभी राहिली. मास्तरला खाली बोलावून घेतलं. कुठल्या घरचा, आईचं नाव काय, सगळं विचारलं. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "मास्तर, पोर धडधाकट देतेय हो तुमच्या ताब्यात."

पेपर वाचत बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. मला इतकी लाज वाटली! बिचाऱ्या मास्तरने हात जोडले, म्हणाला, काळजी घेईन अम्मा. घरी येताना मी तिला बोलले, असं चारचौघांत बोलतात का? ती काठी टेकत पुढे चालत राहिली. थकली होती बहुतेक.

५ नोव्हेंबर

निवेद क्लासला जायला टपून बसलेला असतो. लाथा जमत नाहीत. म्हणून मास्तरने त्याला सगळ्यांच्या पुढे उभं केलंय, ओरडून आकडे म्हणायला. जपानी आकडे! दिवसभर घरात तेच. मालूही शिकली. जेवताना घास मोजतात दोघं जपानीत.

जिना मात्र चढवत नाही त्याला. मास्तर खाली येतो, पाठीवर घेतो, वर नेतो. मी म्हटलं, असे लाड केलेत तर पायात बळ कसं येणार? दुसऱ्या दिवशीही मास्तर खाली आलाच.

१२ नोव्हेंबर

पँट पोटरीत घट्ट होते म्हणून उसवायला घेतली. टेप लावली. पोटरी वाढलीय, चांगली वाढलीय. मांडी होती तेवढीच, उलट थोडी कमीच. मी इतक्या लोकांची मापं घेते, असं माप कधी लागलं नाही. दोनदा घेतलं.

शेजारची शोभाचेची आली होती ब्लाऊज न्यायला. निवेदच्या पोटऱ्या बघून म्हणाली, "काय गं हे! जुन्या काळच्या चेकवराचे पाय आहेत, तलवार घेऊन द्वंद्वाला उतरायचे तसे."

अम्मा आतून आली आणि निवेदचे पाय टॉवेलने झाकले. दृष्ट लागेल म्हणाली.

१७ नोव्हेंबर

मास्तर घरी आला. बराच वेळ पाणीच पीत राहिला. मग म्हणाला, "चेची, राग मानू नका. त्याला मोठ्या डॉक्टरला दाखवा. जमिनीवरून उठताना तो आपल्याच पायांना धरून वर चढतो. आधी गुडघे, मग मांड्या. रोज तसंच. मला भीती वाटते."

मी काही म्हणायच्या आत अम्मा दारात. "तुझ्या क्लासात जायला लागल्यापासूनच होतंय हे. काय केलंस पोराला?"

खोटं आहे हे! आधीपासून पडतोय, तिलाही माहीत आहे. मी तसं म्हणाले, त्याच्यासमोरच म्हणाले. अम्माने ऐकलं न ऐकलं केलं. मास्तरचं तोंड पार उतरलं होतं. जाताना निवेदच्या डोक्यावर हात फिरवून गेला. पोर आतून ओरडलं, उद्या मी आकडे म्हणणार ना?

२ डिसेंबर

कोझिकोड. मोठं इस्पितळ. सुधीशेट्टननी रजा घेतली. डॉक्टरीणबाईंनी निवेदला जमिनीवर बसवलं आणि म्हणाल्या, आता उठ. बस, एवढंच बघितलं. मला वाटलं आणखी काहीतरी तपासतील. नाही तपासलं. रक्त घेतलं.

मग मला विचारलं, तुमच्या माहेरी कुणा मुलाचे पाय लहानपणी गेले होते का? मी सांगितलं, भाऊ होता, पण त्याला मर्मावर काठी लागली होती. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्याच्या पोटऱ्या कशा होत्या, विचारलं.

मला काय माहीत! तो शाल पांघरून बसायचा. एवढंच म्हणाले आणि मला रडू आलं.

९ डिसेंबर

नाव सांगितलं. मला ते इथे लिहायचं नाही.

स्नायू विरतात. आधी पायांचे, मग हातांचे, मग श्वासाचे. दहा-अकरा वर्षांपर्यंत चालेल, गोळ्यांनी थोडं पुढे जाईल. बरं होत नाही. आईकडून मुलाला येतं. मुलीचे पाय चांगले राहतात, पण तिच्या पोटी ते पुढे जाऊ शकतं. डॉक्टरीणबाई मालूचं नाव विचारत होत्या. मोठी झाली की तिचीही तपासणी करून घ्या म्हणाल्या. हळू बोलत होत्या, चांगल्या होत्या, तरी मला त्यांचं तोंड बघवेना.

बाहेर सुधीशेट्टन म्हणाले, तुझा काय दोष त्यात. दोष हा शब्द मी काढलाच नव्हता.

निवेदने परतीच्या बसमध्ये तिकिटं फाडायची मशीन मागितली. त्याच्या बापाच्या ओळखीचा कंडक्टर होता, दिली. वडकरा येईपर्यंत पोर खुशीत होतं.

१० डिसेंबर

विनुएट्टनला कुणीही मारलं नव्हतं.

१६ डिसेंबर

पुलावरून उजवीकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा.

कणारन गुरुक्कळ अंगणात बसून तेल कढवत होते. गुडघेदुखीचं तेल करून विकतात, त्यावरच चालतं. ऐंशीच्या पुढचे असतील. एकटेच. कळरीच्या खड्ड्यात केळी लावल्यात. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाले, विनूची बहीण ना? तोंडवळा तोच.

मला वाटलं होतं ते चिडलेले असतील. इतकी वर्षं खोटा आळ घेऊन जगलेला माणूस! मी पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले. म्हणाले, "माझ्या पाया पडू नकोस. माझ्याच काठीचं टोक होतं ते. नकळत लागलं, पण माझंच होतं."

त्यांना खरं वाटत होतं! सगळ्यांसारखं त्यांनाही खरं वाटत होतं. त्या दिवसापासून त्यांनी काठी हातात धरली नाही. मुलाला शिकवलं नाही, म्हणून मुलगा रागावून कण्णूरला गेला तो गेलाच. बायको शेवटपर्यंत म्हणायची, तुमचा हात कसा चुकला. हे सगळं ते तेल ढवळत सांगत होते.

मी निवेदचं सांगितलं. डॉक्टरांचं सांगितलं. रक्तातून येतं, जन्मतःच असतं, काठीने होत नाही. त्यांना नीट ऐकू येत नाही, मला मोठ्याने सांगावं लागलं. असली गोष्ट ओरडून सांगायची!

तेल उतू जाऊन विस्तवावर पडलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे माझी काठी नव्हती?"

"नव्हती."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग म्हणाले, "तुझ्या आईला आधी सांग जा. पोराच्या मारेकऱ्याच्या शेजारच्या गावात राहायचं म्हणजे काय जळली असेल ती. तिच्या जिवाला शांतता मिळेल."

मी निघाले तेव्हा फाटकापर्यंत आले. संकोचाने, लहान मुलासारखे विचारत होते, "नाक्यावरच्या चहाच्या दुकानात एकदा सांगशील का गं, सगळ्यांच्या देखत? मी सांगून कोण ऐकणार?"

मी त्यांचा हात धरून शब्द दिला. सांगेन म्हणाले, दुकानात सांगेन, देवळात सांगेन, पुलावर उभी राहून सांगेन. घरी येईपर्यंत रडत आले. माझ्या पोरासाठी की त्यांच्यासाठी, काही कळत नव्हतं.

१८ डिसेंबर

अम्माला कसं सांगायचं म्हणून दोन दिवस घालवले. वाटत होतं, कोसळेल. मुलाचं दुखणं तिच्याच रक्तातून आलं, हे कुठल्या तोंडाने सांगू? मलाच अजून ते गिळता आलेलं नाही.

नारळ खवत होती. मी सगळं सांगितलं. हात थांबला नाही तिचा.

"मला माहीत आहे."

मला वाटलं, सुधीशेट्टननी सांगितलं असेल. तसं नव्हतं.

तिचा एक मामा होता, कुंजी मामा. मी नावसुद्धा ऐकलं नव्हतं. अम्मा लहान असताना तो मागच्या पडवीत फरफटत चालायचा. अशाच जाड पोटऱ्या. पंधराव्या वर्षी गेला. घरात कुणी पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. विनुएट्टन सहा वर्षांचा असताना गुडघे धरून उठायला लागला, तेव्हाच तिने ओळखलं. अच्छनना सांगितलं नाही. कळरीच्या तेलाने, मेहनतीने पाय धरतील, म्हणून तिनेच हट्ट धरून त्याला गुरुक्कळांकडे घातलं. मग तो तिथे पडला. लोक म्हणायला लागले काठी लागली, ही गप्प राहिली.

मी म्हणाले, त्या माणसाचं आयुष्य गेलं.

"त्याची कळरी गेली," अम्मा म्हणाली. "तुझं लग्न झालं. ह्या घरात रक्ताचा दोष आहे हे कळलं असतं, तर कुणी उंबरा ओलांडला असता? सुधीशच्या आईने तरी?"

मी भिंतीला टेकून खाली बसले. आणि मग एकदम सुचलं, म्हणून विचारलं. दसऱ्याच्या आत कराटेत घाल असं का म्हणालीस? तिने नारळाची वाटी खाली ठेवली.

"विनूच्या वेळी आपोआप घडलं. ह्या वेळी आपोआप कोण घडवणार होतं? पोरगा पडायला लागला होता. कुणी विचारायच्या आत एखादा मास्तर असायला हवा होता. कळरीचं नाव दुसऱ्यांदा कोण खरं मानेल, म्हणून कराटे." मग मालूकडे बघून म्हणाली, "हिला मोठं व्हायचंय."

मी वाटेल ते बोलले. आईला बोलू नये असं बोलले. तिच्या हातचं खाणार नाही म्हणाले. माझ्या पोराचा खेळ मांडलास, त्या गरीब पोराचं नाव खराब करायला निघालीस, गुरुक्कळ तुझ्यासाठी रडले आणि तू! ती ऐकत बसली. शेवटी एवढंच म्हणाली, "मी विनूला दहा वर्षं उचललंय. तू मला काय सांगतेस?"

मग खोबरं गोळा करून आत गेली. निवेद अंगणातून हाक मारत होता, त्याला उठवायला मीच गेले.

२० डिसेंबर

अम्माशी बोलत नाही. शिबिन मास्तर आला होता. आता उभं राहून नाही जमलं तर खुर्चीत बसून आकडे म्हणू दे, मी रोज घ्यायला येईन म्हणाला. निवेदला पांढऱ्या पोशाखातच झोपायचं होतं.

२७ डिसेंबर

नाक्यापर्यंत गेले. दुकानात गर्दी होती, बाहेरूनच परत आले. पुढच्या आठवड्यात देवळाचा उत्सव आहे, सगळं गाव असेल. तिथेच सांगते. एकदाच सांगायचं आणि मोकळं व्हायचं. गुरुक्कळांना निरोप पाठवलाय, या म्हणून.

३ जानेवारी

उत्सव. निवेद बापाच्या पाठीवर, मालू माझ्या कडेवर. हत्ती यायच्या आधी शोभाचेचीने गाठलं. पोराच्या पायाला काय झालं गं? आजूबाजूच्या सगळ्या वळून बघायला लागल्या. त्यांच्या मागे, दिव्याच्या खांबाशी, गुरुक्कळ उभे होते. धुतलेलं मुंडू नेसून आले होते.

मी मालूला घट्ट धरलं आणि म्हणाले — कराटेच्या क्लासात लागलं.